मोहाखालच्या दगडावर मीठ ठेवू नये

मी, सावळाराम काळू वेखंडे, वय त्र्याहत्तर, धंदा किराणा, राहणार डोळखांब, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोकं जाग्यावर आहे. कान तर इतके जाग्यावर आहेत की घरच्यांना त्याचा त्रास होतो.

१. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन पाडोपाडी फिरलो, त्यातून उभं केलेलं किन्हवलीचं दुकान मुलगा दीपेश याला. जुना तराजू विकू नये.

२. राहतं घर दीपेश व रेश्मा यांना समान.

३. डोंगराकडची वरकस जमीन, मोहाच्या झाडासह, मुलगी रेश्मा हिला. कारण लिहितो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या आईने, सुंदराने, भेकर, ते भुंकणारं लहान हरीण, बघायचा हट्ट धरला. मी मोहाखालच्या दगडावर खडेमीठ ठेवू लागलो. भेकर रोज सकाळी न चुकता येऊ लागलं. ती बांधाआड श्वास धरून बघायची. मी मात्र दुकानात फुशारकी मारली, "आपलं भेकर टायमावर येतं." गिऱ्हाइकांत रंगू होता. दुसऱ्या सकाळी तो आमच्याआधी बंदूक घेऊन तिथे पोचला.

सुंदरा मोहाखाली गेली. दगडावरचं मीठ पदराने पुसून घरी आली. पुढे मरेपर्यंत तिने मला काही दाखवायला सांगितलं नाही.

४. रंगूला काही नाही. राग निम्माच धरला आहे. जागा आणि वेळ मीच सांगितली होती.

५. पुतण्या विपुल याला माझी मोटारसायकल. जमीन नाही. मी ओटीवर झोपलोय असं समजून तो दीपेशला म्हणाला, "मारायचं नाय रे, नुसता फोटो. मीठ ठेवलं का भेकर येतं, शहरातले पाव्हणे खूष. म्हाताऱ्याला सांगू नको." बाळा, तू ज्या वेळेची भेकराला सवय लावशील, त्याच वेळेला दुसरा कोणी फासा लावेल. सरकारने शिकार बंद केली. मी तिच्या आधीची पायरी बंद करतो.

६. त्या जमिनीत मीठ, धान्य, फळ, काहीही हाताने ठेवू नये. मोहाने स्वतः टाकलेली फुलं चालतील. अट मोडल्यास जमीन गावदेवीच्या देवस्थानाला जावी.

७. पहाटे समोरच्या डोंगरात भेकर भुंकतं. मी रोज ऐकतो. पण ते खाली उतरत नाही. रेश्मा, मीठ न ठेवता ते कधी मोहाखाली आलं, तर माझ्या फोटोला हार नको. आई बसायची तिथे बांधाआड बस आणि सांग, "आये, आलं गो." हळू सांग. पळेल.

ठिकाण: डोळखांब
दिनांक: १४ एप्रिल २०२४
सही: सावळाराम काळू वेखंडे

आमच्यासमोर स्वतः वाचून सही केली:
१. वाल्मिक निमसे, शेजारी
२. काशी फर्डे, निवृत्त शिक्षिका