पायरीवरचे पेले

अंबड,
८ ऑगस्ट १९७४

प्रिय सगुणा,

'प्रिय' लिहून दहा मिनिटं नुसतीच बसले. खोडावं म्हटलं, पण पाच वर्षांची सवय, हात ऐकत न्हाई. चांगुणाबाई तीनदा येऊन गेली. बालमंदिर झाडून, घरोघरची पोरं गोळा करून आणणारी ती बाई, आणि तू तिला माझ्याकडे निरोप घेऊन पळवतेस! दोन गल्ल्यांचं अंतर, तुझे पाय काय मोडले होते? आणि निरोप काय, तर राग सोड, शाळेत ये, पोरं तुझी वाट बघून राह्यलीत. पोरांच्या आडून बोलू नकोस. तुला स्वतःला काय वाटतं ते तू एकदाही सांगितलं न्हाईस, म्हणून आता मीच लिहिते.

औरंगाबादचं बालवाडी-प्रशिक्षणाचं वर्ष आठवतं का? पहिल्याच दिवशी वसतिगृहात तू माझा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यालीस आणि मग माझं नाव विचारलंस. मी आडनावासकट सांगितलं. तू तोंड पुसत म्हणालीस, बरं, पाणी गोड होतं हं. त्या एका वाक्यावर मी जालन्याची चांगली नोकरी सोडून तुझ्या सासरगावी आले, आमच्या वस्तीत खोली घेतली. तुझ्या सासऱ्यांनी, अप्पारावांनी, बालमंदिराला घराशेजारची जागा दिली. तातेराव सुताराकडून आपण दहा ठोकळ्यांचा मनोरा करून घेतला. गुलाबी रंग सांगितला, त्याने विटकरी फासला आणि वर म्हणाला, पोरांना काय कळतं! किती हसलो आपण. पोरांना सगळं कळतं, हेच तर शिकून आलो होतो.

पाण्याचा धडा मी बसवला, एवढं तरी मान्य करशील. चार वर्षांच्या पोराने छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं, थेंब सांडायचा नाही, पेला दुसऱ्याला द्यायचा, आणि काम झालं की वस्तू जिथली तिथे, आवाज न करता ठेवायची. आमच्या वस्तीतल्या देवानंदने ओतलेलं पाणी तुझी लेक संजीवनी गटागटा प्यायची, तेव्हा माझे डोळे भरून यायचे. माझ्या आजोबांचा कप, कान तुटलेला, हॉटेलाबाहेर वळचणीला खोचलेला असायचा. इतक्या वर्षांनी आमचा पेला घरात आला, असं वाटायचं मला. खुळी मी!

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला वीस दिवस जालन्याला काय गेले, तेवढ्यात तू तो पेला बाहेर काढलास. एक न्हाई, पाच. आमच्या पाच पोरांचे पेले, निळी रेघ मारून, बाहेरच्या पायरीवर. आमच्या पोरांच्या हातचं पाणी नको म्हणून गावातल्या तिघांच्या घरून अप्पारावांकडे तक्रार आली म्हणे. तू मला समजावत होतीस, शाळा बंद पडण्यापेक्षा हे बरं, थोडे दिवस दम धर, बंद पडली तर तुझीच पोरं घरी बसतील. माझी पोरं! दोन वर्षं आपली होती ती, वीस दिवसांत माझी झाली? तक्रार करणाऱ्यांचा मला बिलकुल राग न्हाई, त्यांच्याकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. केसाने गळा कापलास तो तू. अगं, एक पोस्टकार्ड टाकायचं होतंस. पहिल्या एसटीने आले असते, दोघी मिळून अप्पारावांसमोर उभ्या राहिलो असतो. बंद पडली असती शाळा तर पडली असती, लिंबाखाली भरवली असती.

आता भरवतेच आहे, आमच्या विहाराच्या ओसरीवर. पाच होती, परवापासून आठ झाली. मनोरा न्हाई, तर लहानमोठे रिकामे डबे उतरंडीसारखे रचतो. पुठ्ठ्यावर वाळू चिकटवून अक्षरं केलीत, पोरं बोटं फिरवून फिरवून वाळू झडवतात, मी पुन्हा चिकटवते. पण देवानंद पहिल्या दिवशी पाणी मिळाल्याबरोबर पेला घेऊन आपणहून पायरीवर जाऊन बसला. त्याला आत बसवायला चार दिवस लागले. ह्या वयात पोर शिकतं लवकर, विसरतंही लवकर. सहावं लागलं की मंग ते हाडात बसतं. हे तूही त्याच वर्गात माझ्या शेजारी बसून ऐकलंयस.

एक गोष्ट मात्र मी तुला भांडताना सांगितली न्हाई, आणि त्याच्यासाठीच हे पत्र. मी जालन्याहून आले त्या दिवशी तू आत होतीस. मला पेल्यांचं काही माहीत नव्हतं. संजीवनी पळत आली, बाई आल्या म्हणत कमरेला बिलगली, आणि न सांगता तांब्यातून पाणी ओतून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी प्याले. तिने तो पेला घेतला, जीभ दातांत धरून हळू हळू दाराबाहेर गेली आणि निळ्या रेघेच्या पेल्यांच्या रांगेत, बराबर शेवटी, ठेवला. आवाज न करता. मी कुठल्या वस्तीत राहते ते तिला ठाऊक होतं, बाईंची जागा तिने आपली आपण ओळखली. मग वळून माझ्याकडे बघून हसली, आणि मी, सवयीने, शाब्बास म्हणाले. तू काय केलंस ते तुझ्यापाशी राहू दे, सगुणा. ही शाबासकी माझी आहे, ती मला परत घ्यायची आहे. तुझ्या शाळेत मी येणार न्हाई. पण संजीवनीला सहावं लागायला अजून दीड वर्ष आहे, तिला माझ्याकडे पाठव. चांगुणाबाईबरोबर नको, सगळ्यांच्या देखत तू स्वतः हात धरून आण. आणि आलीस तर पाणी पिऊन जा, तांब्या वसतिगृहातलाच आहे.

अजून तरी तुझीच,
बेबीनंदा