खारट पाव

काबान्याल, वालेन्सिया
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०१४

चि. रेमेई हिस,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिले, फार मनावर घेऊ नकोस. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला पोस्टाने पत्र पाठवते म्हणून पोस्टातली बाई हसेल. हसू दे.

आम्ही इकडे बरे आहोत. माझा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो. मांजरीला तीन पिल्लं झाली आहेत. बातिस्तची तब्येत ठणठणीत आहे. पण त्याची खबर मी तुला द्यायची म्हणजे कमालच झाली, नाही का? माझा नवरा रोज सकाळी दहा वाजता तुझ्या हॉटेलात, तुझ्यासमोर बसलेला असतो.

हो, मला कळलं आहे.

रोज सहाला उठून मी त्याचा पाव भरते, कागदात गुंडाळते, हिरव्या दोऱ्याने बांधते. तो सांगायचा, गोदीच्या फाटकापाशी एक हॉटेल आहे, तिथे सगळे कामगार बसतो. पाव घरचा न्यायचा आणि हॉटेलवाल्याने टेबल, जैतुनं, शेंगदाणे, वाइन आणि शेवटी रम पेटवून केलेली कॉफी द्यायची, हे तर आपल्याकडे सगळेच पुरुष करतात. त्यात बायकोने संशय कशाला घ्यावा? पण गेल्या महिन्यात त्याच्या बाहीवर तितायनेचा, आईच्या त्या टोमॅटो-टूनाच्या रश्शाचा, डाग दिसला. टोमॅटोचा लाल, तेलकट, न जाणारा. त्या दिवशी मी पावात बटाट्याचं ऑम्लेट भरलं होतं.

मागच्या बुधवारी मीच तितायना केली. टोमॅटो, मिरच्या, चिलगोजे, सगळं आईच्या पद्धतीने मंद आचेवर. फक्त खारवलेला टूना रात्रभर पाण्यात भिजवायचा असतो, तो भिजवला नाही. तसाच मिठासकट चिरून टाकला. मुद्दाम. तो पाव ज्याने खाल्ला असता त्याच्या तोंडाची चव दोन दिवस गेली असती.

त्या दिवशी बातिस्त दुपारीच घरी आला.

"पाव कसा होता?" मी विचारलं.

"छान. नेहमीसारखा." मग माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "फिना, तुला हल्ली विसरायला होतं का गं? एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

एक तर खोटं बोलतो, वर मलाच वेड्यात काढतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शुक्रवारी साडेनऊला डोक्याला रुमाल बांधून तुझ्या हॉटेलसमोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदारीण कंटाळली म्हणून खोकल्याच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. मला खोकला नाही.

तुझ्या दारातला फळा वाचला. 'आमच्या आईची तितायना.' आमच्या! खिडकीपाशी बातिस्त बसला होता आणि दोन्ही हातांनी तुझा पाव खात होता. माझ्या घरी तो सुरी-काट्याने खातो. आणि गल्ल्यामागे तू, उभ्याउभ्याच काहीतरी खात होतीस. तुझ्या मनगटाला हिरवा दोरा गुंडाळलेला होता.

कुंपणानेच शेत खाल्लं, म्हटलं. कुंपणाने आणि बहिणीने मिळून.

घरी आल्यावर त्याला समोर बसवलं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"आई गेल्या ना, त्याच्या पुढच्या वर्षापासून," तो खाली मान घालून म्हणाला. "पहिल्या दिवशी नुसता सहज गेलो होतो गं. तिने पाव बघितला आणि म्हणाली, भावजी, ताईच्या हातचा ना? मग तो इकडे द्या, तुम्हाला मी दुसरा करून देते."

"आणि तू दिलास."

"रोज देतो. आधी दोरा सोडवून मनगटाला बांधते, मगच खाते. तुला सांगू नका म्हणाली होती."

"बुधवारचा?"

"तो पण सगळा खाल्ला. दोन जग पाणी प्यायली. म्हटलं, टाकून दे, तर म्हणाली, ताईच्या हातचं टाकत नसतात. मग म्हणाली, भावजी, ताई टूना भिजवायला विसरली. ताई असं कधी विसरत नाही. तुम्ही अर्धा दिवस सुट्टी घ्या आणि घरी जा."

रेमेई, मी तीन रात्री झोपले नाही. सुरुवातीला वाटलं, माझा नवरा तुझ्या हातचं आवडीने खातो, त्याचं माझ्या पोटात दुखतंय. ते दुखतंच. पण रविवारी कळलं की त्याचाही मला तितकाच हेवा वाटतो. नऊ वर्षं रोज दहा वाजता त्याला तू दिसतेस. मला औषधाच्या दुकानातून बघावं लागलं. तुझे केस पांढरे झालेत, हे मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

सगळ्यांना मी सांगत आले की तू आईचं मातीचं भांडं न विचारता नेलंस आणि आईचं नाव फळ्यावर लावून विकलंस, म्हणून मी बोलत नाही. तसं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी रोज तिच्यासाठी तितायना करत होते आणि ती दोन घास खाऊन मान फिरवायची. मग तू एक दिवस हॉटेलातून वाटी घेऊन आलीस आणि तिने ती पुसून खाल्ली. माझ्यासमोर. पाव फिरवून पुसली.

तू चिलगोजे कुटून घातले होतेस. आईला दात नव्हते. माझ्या हे तेव्हाच लक्षात आलं होतं. रोज तिला भरवणारी मी, आणि सुचलं तुला. ते मला सहन झालं नाही. आजही होत नाही.

गुरुवारी दहाला मी येते आहे. बातिस्तबरोबर नाही, माझी मी. खिडकीजवळचं टेबल माझ्यासाठी ठेव, त्याला गोदीच्या फाटकापाशी जाऊ दे. माझा पाव मी घेऊन येईन, तो तू घे. मला तुझा दे, चिलगोजे कुटलेला. तो खरोखरच चांगला असेल तर मी जळेन, आणि ते तू समोर बसून बघ. बसून. उभ्याने खायचं नाही, आईने दोघींना हेच शिकवलं होतं.

बुधवारी रात्री टूना भिजत घालीन.

काहीही न विसरणारी तुझी,
ताई