चोळी-बांगडीचा माळ

मी खाली सही करणार रत्नम्मा, लिंगैक्य वीरभद्रप्पा खानापुरे यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार पेठ, निलंगा, जिल्हा लातूर (पूर्वीचा जिल्हा उस्मानाबाद, मी जागची हलले नाही, जिल्हाच हलला), पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्या दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या थोरल्या मुलाला तो पाहावासा वाटेल.

हे लिहून घेणाऱ्या वकीलबाई पंचशीला कांबळे यांनी मला बजावलं आहे की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, माणसांची उणीदुणी लिहू नयेत. मी म्हटलं, बाई, मालमत्ता अर्ध्या पानात संपेल, मग एवढे कागद कशाला आणलेत? त्या हसल्या आणि लिहायला बसल्या.

मृत्युपत्राची घाई का, तेही सांगते. लातूरच्या डॉक्टरांनी माझं हृदय थकल्याचं सांगितलं. त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण आमच्या शेजारची सून तारामती हिला मी कोर्टात जामीन राहिले होते, आणि तिच्या काखेत लेकरू आहे. जामीनदार वारला की त्याची जामीनकी संपते. नवा जामीनदार नाही मिळाला तर तारामती परत तुरुंगात. म्हणजे माझ्या मरणाने माझ्या घरच्यांना वाटणी मिळणार आणि शेजाऱ्यांच्या सुनेला कोठडी. ही व्यवस्था मला पसंत नव्हती, म्हणून मी ती बदलली. कशी, ते कलम सहात आहे.

कलम एक. पेठेतलं राहतं घर आणि त्याला लागून असलेलं किराणा दुकान धाकटा मुलगा पंचाक्षरी यास द्यावं. पंचाक्षरी स्वभावाने भित्रा आहे. खाकी कपड्यातला पोस्टमन आला तरी तो आधी आत जातो आणि मग 'कोण हाय?' विचारतो. अशा माणसाला आतून कडी लावता येईल असं स्वतःचं दार असावं. उधारी मागायची झाली तर त्याने बायकोला पुढे करावं, आजवर करतो तसंच.

कलम दोन. थोरला मुलगा मन्मथ लातूर जिल्हा जाहीर झाला त्याच वर्षी लातूरला राहायला गेला, जणू जिल्हा त्याच्यासाठीच केला होता. तिथे तो प्लॉटचा धंदा करतो. स्वतः भाड्याच्या घरात राहून लोकांना घराच्या जागा दाखवतो. त्याच्या वाट्याचं सोनं आणि पितळ त्याने धंद्यासाठी म्हणून केव्हाच नेलं आहे, त्यामुळे उरलेला वडिलांचा फोटो त्याने घ्यावा. हार रोजचा ताजा घालावा. प्लॉटच्या उद्घाटनातला उरलेला चालणार नाही.

कलम तीन. माझं इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. त्याची चांदीची डबी आणि माझ्या दोन इरकली साड्या मुलगी जगदेवी हिला द्याव्यात. ती हिमायतनगरला दिली आहे. हिमायतनगर निलंग्याहून लांब आहे हे मला मान्य आहे. तिची नणंद उदगीरला असते आणि तिथे ती दर सणाला येते, हेही मला माहीत आहे. लेक आहे, तिच्यावर माझा जीव आहे, म्हणून एवढ्यावर थांबते.

कलम चार. शेजारी हणमंतराव सोळुंके यांच्याशी असलेलं मोरीच्या पाण्याचं भांडण घराबरोबर पंचाक्षरीकडे जाईल. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या अंगणात जातं असं त्यांचं म्हणणं. त्यांचं अंगण आमच्या मोरीच्या वाटेत आलं असं आमचं. बहात्तरच्या दुष्काळात मोरीत थेंब नव्हता, तरी भांडण बंद पडलं नाही. पंचाक्षरीने ते आठवड्यातून एकदा तरी करावं. त्याला आवाज निघत नसेल तर निदान भिंतीपाशी उभं राहून खाकरावं. फक्त कोर्टाच्या तारखेच्या दिवशी भांडू नये. हा नियम माझा नाही, हणमंतरावांची आई केवळाबाई हिचा आहे.

वकीलबाई म्हणतात, हा नियम मृत्युपत्रात कशाला? म्हणून सांगावं लागतं.

बहात्तर साली माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाने, म्हणजे कापड दुकानवाल्या वीरण्णाने, रेशनच्या मिलो ज्वारीची पोती 'दोन दिवस राहू दे दादा' म्हणत आमच्या दुकानामागे आणून टाकली. लोक सरकारी सुकडीसाठी रांगा लावत होते आणि आमच्याकडे पोती निघाली. छापा पडला त्या दिवशी वीरण्णा श्रीशैलला दर्शनाला गेलेला होता. माझ्या नवऱ्याला धरून उस्मानाबादला नेलं. कच्चा कैदी म्हणून ठेवलं. आमचे पाव्हणे तेव्हा एकाएकी कामात बुडाले. कोणाची सोयरीक, कोणाची पाठदुखी. वीरण्णा परत आला तो प्रसाद घेऊन आला. 'मल्लिकार्जुन सगळं बघतोय वहिनी,' म्हणाला. देव बघत होता यात शंका नाही, मी वीरण्णाला विचारत होते की तू काय बघतोयस.

तेव्हा सोळुंक्यांची जमीन केवळाबाईच्या नावावर होती. तिने पेटीतून सातबारा काढला आणि पदरात बांधला. हणमंतराव तिच्यावर ओरडले, ते भिंतीपलीकडून मी स्वतः ऐकलं.

"आई, त्या वाण्याला जामीन राहतीस? आपल्या अंगणात घाण सोडणाऱ्याला?"

"हाव, राहते. भांडायला माणूस भाईर पायजे का न्हाई? का तू धाराशिवच्या तुरुंगात जाऊन भांडतूस?"

जामीन मंजूर होईपर्यंत दर शनिवारी ती एसटीने उस्मानाबादला जाऊन माझ्या नवऱ्याला भाकरी देऊन आली. मला दुकान सोडता येत नव्हतं. धान्याचा तो काळ असा होता की आपल्या पानातली भाकरी दुसऱ्याला देताना हात कापायचा. तिचा कापला नाही. माझा नवरा जामिनावर घरी आला, आणि दुसऱ्याच दिवशी केवळाबाईने मोरीवरून आम्हाला ऐकवलं. पुढे खटल्यातून तो सुटेपर्यंत तारखेचा दिवस तेवढा ती भांडणातून सोडायची. तिच्या तोंडची ती शिवी ऐकून मी चुलीपुढे बसून रडले. एवढं मोठं मन मी आमच्या गोतात पाहिलं नाही.

कलम पाच. वरील वीरण्णा यास या मृत्युपत्राचा साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकीलबाईंचं मत पडलं. म्हणूनच त्याला केलं. साक्षीदाराने सही होताना पाहायचं असतं, मजकूर वाचायचा नसतो, असं त्याला सांगितलं आहे. तो हे इतरांबरोबर वाचेल.

आता तारामती, हणमंतरावांची सून. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा दुष्काळ पडला. जिल्हा आला, कलेक्टर आला, लाल दिव्याची गाडी आली, पाणी तेवढं यायचं राहिलं. पेठेत टँकर कित्येक दिवस फिरकला नव्हता. एक दिवस भरलेला टँकर पेठेवरून सरळ पुढे निघाला, एका पुढाऱ्याच्या द्राक्षबागेकडे. तारामती लेकरू घेऊन रस्त्यात बसली. बाकीच्या बायांनी मागची तोटी उघडली आणि घागरी भरल्या. ड्रायव्हरने फिर्याद दिली आणि बायांवर दरोड्याचा गुन्हा लागला. पाच किंवा जास्त जणांनी मिळून लुटलं की त्याला दरोडा म्हणतात म्हणे. एकटीने चोरलं असतं तर स्वस्तात सुटली असती. त्यातली एक घागर आमच्या घरी आली आणि मी ती प्याले. दरोड्याचा माल माझ्याही पोटात आहे, पण म्हातारीला कोणी विचारलं नाही.

बाकीच्या बायांना जामीनदार मिळाले. तारामती एकटी लेकरासकट लातूरच्या तुरुंगात मागे राहिली. केवळाबाईच्या मागे सोळुंक्यांच्या जमिनीवर वारसांची नावं लागून फेर झालेला नाही. पाच भावांच्या सह्या लागतात, आणि हणमंतरावांचे चार भाऊ सही सोडून बाकी सगळं द्यायला तयार होते. तारामतीच्या माहेरी सातबारा कुठे ठेवला ते कोणाला आठवेना. हणमंतराव आमच्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले. भांडायला आले असतील म्हणून मी वाट पाहिली. ते बोललेच नाहीत. तेव्हा मी माझा सातबारा काढला.

हा सातबारा माझ्या चोळी-बांगडीच्या माळाचा. लातूर रस्त्याच्या कडेचा हा माळ वडिलांनी लग्नात माझ्या नावावर करून दिला. तिथे कुसळसुद्धा विचार करून उगवतं. सासरचे म्हणायचे, सुनेबरोबर दगड आले. पण कोर्ट जमिनीत काय पिकतं ते विचारत नाही. सातबारा आणि ऐपतीचा दाखला दिला की झालं. जामीनकतब्यावर सही करून मी तारामतीला घेऊन बाहेर आले.

गेल्या दिवाळीत डॉक्टरांचं निदान झाल्यावर मी दोन्ही मुलांना समोर बसवलं. म्हटलं, माझ्या मागे माळ घ्या आणि तारामतीला जामीन राहा.

मन्मथ म्हणाला, "अव्वा, लोकाच्या सुनंसाठी आपली जमीन कोर्टात अडकवायची व्हय? रस्ता रुंद होऊन राहिलाय. माळावर प्लॉट पडतेत, मी मोजून आलो."

पंचाक्षरी म्हणाला, "माझं नाव कोर्टात नको, अव्वा. उद्या दुकानावर पोलीस येतेत."

एकाने माझ्या जिवंतपणी माझा माळ मोजला होता आणि दुसऱ्याने न आलेले पोलीस मोजले होते. मन्मथची बायको उमादेवी चहाचे कप उचलत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. लातूरला गेल्यापासून ती फार देव-देव करते, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक होतं. रोज सिद्धेश्वराला नैवेद्य घेऊन जाते म्हणून मन्मथ चारचौघांत तिचं कौतुक करायचा.

पुढच्या तारखेला मी आणि तारामती एसटीने लातूरला निघालो. वाटेत शिदोरी सोडली, तर तारामती म्हणते कशी, "अव्वा, तुमच्या भाकरीला चव हाय. तुमच्या थोरल्या सुनंच्या भाकरीत मीठच नसतंय."

"तू कधी खाल्लीस तिची भाकर?"

"आत होते तवा रोज खाल्ली की! लेकराला दूधबी आणायची. म्हणली, घरी सांगू नका, घरात नैवेद्य म्हणून सांगितलंय."

 मी इतकं हसले की कंडक्टर बघायला लागला. हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला, तेही लिहा, वकीलबाई.

कलम सहा. सबब चोळी-बांगडीच्या माळाची वाटणी या मृत्युपत्रात शोधू नये. तो माळ मी गेल्या पौषात नोंदणीकृत बक्षीसपत्राने सून उमादेवी हिला देऊन टाकला आहे. तिच्या नावाचा फेर झाला, ऐपतीचा दाखला निघाला. मी अर्ज करून जामीनकीतून मोकळी झाले आणि माझ्या जागी उमादेवी तारामतीला जामीन राहिली. त्याही दिवशी ती घरात सिद्धेश्वराला जाते असंच सांगून निघाली होती. जज्जसाहेबांनी विचारलं, आरोपी तुमची कोण? उमादेवी म्हणाली, "सासूच्या दुश्मनाची सून." कोर्ट हसलं. साहेबांनी विचारलं, मग तुम्ही जामीन का राहता? ती म्हणाली, "भांडण मोठ्यांचं हाय, साहेब. लेकरू हिचं हाय." मग कोणी हसलं नाही.

खटल्याचा निकाल लागेपर्यंत माळ विकता येणार नाही. त्यानंतर उमादेवीने काय हवं ते करावं. प्लॉट पाडायचे तर पाडावेत. मन्मथने माळ दाखवून कोणाकडून इसार घेतला असेल तर तो परत करावा, नाहीतर बायकोची परवानगी मागावी. ती अळणी भाकरी करते हे माझं मत कायम आहे. पण अशी सून मला मिळाली याचा मला अभिमान आहे, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

कलम सात. पोस्टातली सगळी रक्कम वकीलबाईंच्या ताब्यात राहील. टँकरच्या खटल्यातल्या सगळ्या बायांची तारखेच्या दिवशीची एसटीची तिकिटं आणि जेवण त्यातून व्हावं. वकीलबाई स्वतः फी घेत नाहीत. त्यांना निदान जेवायला घालावं, आणि ते उमादेवीच्या हातचं नसावं.

कलम आठ. दुसरे साक्षीदार हणमंतराव सोळुंके आहेत. हे लिहून देताना मी शुद्धीवर होते हे माझी मुलं कदाचित नाकारतील. हणमंतराव नाकारणार नाहीत. शुद्धीत कशी भांडते ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

कलम नऊ, आणि शेवटचं. माझ्या अंत्यविधीचा खर्च मन्मथने करावा. वरातीसारखा बँड लावू नये. आमच्यात मढं बसवून पुरतात. ज्या दिवशी मी जाईन त्या दिवशी टँकरच्या खटल्याची तारीख असली, तर घरातल्या कोणी तारामतीला रडण्यासाठी थांबवून ठेवू नये. तिच्याबरोबर उमादेवीने जावं, हणमंतरावांनी जावं, आणि पंचाक्षरीनेही, भीत भीत का होईना, जावं. सगळ्यांनी आधी लातूरला जाऊन कोर्टात हजेरी लावावी, संध्याकाळच्या गाडीने परत यावं आणि मग मला पुरावं. तारामती गैरहजर राहिली तर तिचं वॉरंट निघेल आणि उमादेवीचा जामीन जप्त होईल. मढ्याचं वॉरंट निघत नसतं. मी बसून राहीन.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून घेतलं, समजून घेतलं आणि राजीखुशीने सही केली.

ठिकाण: निलंगा
तारीख: १९ मे १९८७

(सही) रत्नम्मा वीरभद्रप्पा खानापुरे

साक्षीदार:
१. (सही) वीरण्णा खानापुरे, कापड दुकानदार, निलंगा
२. (सही) हणमंतराव सोळुंके, शेती, पेठ, निलंगा

लिहून घेणार: (सही) ॲड. पंचशीला कांबळे, निलंगा