तीर तुमचा, माग माझा

प्रिय आबा,

तुम्ही होतात तेव्हा कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आता गेल्यावर पत्र लिहायला बसलेय. हसाल तुम्ही! पण काय करू? परवा इथे कुवेतमध्ये, आमच्या हॉस्पिटलात, भर दुपारी तो पुन्हा ओरडला.

कोण, ते तुम्हाला सांगायला नको.

झालं असं, खांद्याचं ऑपरेशन झालेला एक म्हातारा कुवेती माझ्याकडे ड्रेसिंगला येतो. सगळे त्याला बू सालेम म्हणतात. सत्तरीला टेकलाय, पण हौस दांडगी. कुठल्याशा थंड मुलखात जाऊन तिरकमठ्यानं हरणाची शिकार करून आला आणि त्यात खांदा कामातून घालवून बसला. मी टाके काढत होते, तर त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "सिस्टर, शूफ! देखो, देखो!" पडद्यावर माजावर आलेला नर. चिखलानं काळा झालेला. त्यानं मान वर करून हाक दिली आणि माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

आपल्या सांबराची हाक वेगळी, आबा. पण माज तोच.

मग तीर सुटला. पोटात बसला. जनावर झाडीत शिरलं आणि ही सगळी माणसं जागच्या जागी बसून राहिली. "पीछे नहीं गए?" मी विचारलं. "ला, ला, नहीं सिस्टर. सबर. अभी जाएगा तो वो उठके भागेगा. सुबह तक सबर." सकाळी त्यांना ते पन्नास पावलांवर पडलेलं मिळालं. बू सालेम खूश होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मला अकरावं होतं ना? मार्गशीर्षातली थंडी. चुलत्यांना ताप आला म्हणून पाण्याचा भोपळा घेऊन तुम्ही मला सोबत नेलंत. आई किती ओरडली होती! तुम्ही गळालेलं शिंग झाडाच्या सालीवर घासत होतात, दुसरा नर आलाय असं त्याला वाटावं म्हणून. आणि तो आला की हो! माजावरच्या जनावराला भान नसतं, तुम्ही म्हणायचात. दिवस मावळत होता. तुमचा तीर छातीऐवजी थोडा मागे गेला. तेवढीच तुमची चूक.

"हलू नको, सुमे," तुम्ही कुजबुजलात. "पोटात लागलाय. तो आता जवळच बसंल. आपन गप ऱ्हायाचं. सकाळच्याला जाऊ."

मला दिसत होता तो. करवंदीच्या जाळीमागे बसलेला, मान ताठ. त्याचे कान आमच्याकडे वळत होते. मला वाटलं, अजून वाचेल. उठला तर वाचेल. आणि मी जीव खाऊन ओरडले, "पळ!"

तो पळाला, आबा. दरड चढून पलीकडे गेला.

आज पोटाला मार लागलेले पेशंट मी रोज पाहते. अशी जखम किती वेळ घेते, काय काय करते, मला तोंडपाठ आहे. तिथेच पडू दिला असता तर रातोरात सुटला असता. मी त्याच्यावर दया केली आणि त्याला किती दिवस दिले, कोण जाणे.

ज्याचा तीर, त्याचा माग. आणि जनावर सापडेपर्यंत भाकरीला हात लावायचा नाही. आपल्या वाडीची ही रीत मोडणारे तुम्ही नव्हतात. रक्त ओढ्यापर्यंत होतं, पुढे नाही. चार दिवस नुसत्या पाण्यावर फिरलात! पाचव्या दिवशी चुलत्यांनी तुम्हाला पाठीवर घालून आणलं. किती हो हट्टी!

आणि वाडीनं काय केलं? अर्धं मारून सोडणारा, असं नाव ठेवलं. पुढच्या शिकारीला बोलावलं नाही. "माझाच पाय घसरला, पाला वाजला," एवढंच तुम्ही सांगितलंत. तिरकमठा आढ्याला बांधलात, तो कधी उतरवला नाही. पोरगी घाबरून किंचाळली, असं सांगितलं असतंत तर लोक हसून विसरले असते. का नाही सांगितलंत? माझा राग येतो तसा तुमचाही येतो कधीकधी.

गेल्या वर्षी तुम्ही खाणं सोडलंत, तेव्हाही मार्गशीर्षच होता. आईनं फोन तुमच्या तोंडासमोर धरला. "सापडला का?" तुम्ही मला विचारलंत. आई मागून म्हणाली, "भ्रम झालाय, आल्यागेल्याला हेच इचारत्यात." आणि मी? मी नर्स झाले! "आबा, थोडी पेज घ्या बघू," म्हणाले. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मला सगळं कळलं होतं, आबा. कळूनही मी पेजेचंच बोलत राहिले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

दहाव्याला पोचले मी. पिंड ठेवला, कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेना. आईला सांभाळू, म्हणून झालं. बांधाचं भांडण मिटवू, म्हणून झालं. चुलते माझ्याकडे पाहून म्हणाले, "सुमे, तू बोल कायतरी. तुझ्यात जीव व्हता त्याचा." मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. सगळी वाडी उभी होती. माझी जीभ उचलली नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. मी तुम्हाला तसंच उपाशी ठेवून विमानात बसले.

तेव्हापासून इथे धुळीचा वारा सुटला की बाथरूमच्या पंख्याच्या झडपेतून तो ओरडतो. आमच्या सलवा भागातल्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. परवा हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी झडपेत फडकं कोंबत होते, तर इरा, तुमची नात, दारात उभी. तिला सगळं सांगून टाकलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, "डिड यू टेल आबा सॉरी?" नाही म्हटलं. "देन टेल हिम, आई. राइट इट." म्हणून हे पत्र.

एक मात्र विचारायचंय. मी कुवेतला निघाले तेव्हा एस.टी. सुटत होती, आई रडत होती आणि माझं पाऊल पायरीवर पडेना. तुम्ही कानाशी वाकून एकच शब्द बोललात. "पळ." गाडी सुटतेय म्हणून म्हणालात, असं मी इतकी वर्षं समजत होते. आबा, त्या संध्याकाळी मी ओरडले तो शब्द तुम्ही नीट ऐकला होतात का? घाबरले नव्हते मी, मुद्दाम ओरडले, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं का?

माहीत असो, नसो. माझी रजा मंजूर झालीय. तुमच्या वर्षश्राद्धाला येतेय मी, इराला घेऊन. पान वाढायच्या आधी चुलत्यांसमोर, सगळ्या वाडीसमोर सांगेन, की आबांचा पाय घसरला नव्हता, जनावर मी उठवलं. मग रक्त संपलं होतं त्या ओढ्यापासून पुढे चालेन. काही मिळणार नाही, कळतं मला. तरी चालेन, आणि वाडीला सांगून, चालून होईपर्यंत भाकरीला हात लावणार नाही.

माग आता माझ्याकडे आलाय, आबा. तुम्ही जेवून घ्या.

तुमची,
सुमी