कागद सोमनाथचा हाय

भोर, १९ जानेवारी

ती. पारूमावशीस,

सोमनाथचा पाया पडून नमस्कार. सारिका, हे पत्र आजीला पडवीत बसून मोठ्यानं वाच. कुणी आलं तरी थांबू नगंस.

मावशी, हितं बरं चाललंय. भोरात खोली घेतलीय. पक्षाचं काम लई, त्यामुळं गावाकडं पालीला यायला सवड होत न्हाई.

हे खोटं हाय. एसटी रोज येते. मलाच तुमच्यापुढं तोंड दाखवायची लाज वाटते.

गुडघा कसा हाय? टँकर अजून शाळेपाशीच थांबतो का?

आपल्या पाणी समितीचा नियम म्याच घातला होता. कागद दोनदा वाचल्याबिगर कुणी अंगठा द्यायचा न्हाई. त्या दिवशी पाण्याचा अर्ज वाचून झाला, मग म्या आणखी कागद पुढं केले. सारिका म्हणाली, "ह्याच्यावर तर काय लिहिलंच न्हाई." तर तुमी तिलाच गप्प केलंत, "खाली बस गं. कागद सोमनाथचा हाय."

पक्षाची माणसं मला त्याआधीच भेटली होती. म्हणाली, चळवळ आमच्याबरोबर आणा, नळयोजना मंजूर करून देतो. मला वाटलं, किती वर्षं कचेरीपुढं बसायचं? त्या कोऱ्या कागदांवर म्या माझ्या हातानं लिहिलं, 'आम्ही राजीखुशीने पक्षात प्रवेश करीत आहोत.' एकशे सोळा बायका. सभेत कागद उंच धरून दाखवले, टाळ्या पडल्या, मला पंचायत समितीचं तिकीट मिळालं. समद्यांना सांगत होतो, पाण्यासाठी केलं. पण तिकीट मिळाल्यापासून पाण्याचं म्या एकदाबी विचारलं न्हाई.

परवा तुमी मोर्चा घेऊन कचेरीत गेलात, तर साहेबांनी पक्षानं तिथं दिलेले तेच कागद काढले. "तुमी तर पक्षात गेलात, आता मोर्चा कशाचा?" सारिकानं फोनवर सांगितलं, आजीनं स्वतःचा अंगठा वळखला आणि तशीच माघारी फिरून घरी आली. मावशी, तुमी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोबत एक कागद हाय. सोमनाथनं फसवून अंगठे घेतले, आमी कुठल्याच पक्षात न्हाई, असं त्यात लिहिलंय. खाली माझी कबुलीची सही हाय. पण माझ्या एकट्याच्या सहीला कोण विचारतंय? समद्याजणींचे अंगठे घ्या आणि कचेरीत द्या. तिकीट जाईल, जाऊ द्या.

फक्त एक करा. हाबी कागद सोमनाथचाच हाय. सारिकाकडनं दोनदा वाचून घ्या, मगच अंगठा द्या.

तुमच्या इश्वासाला न जागलेला,
सोमनाथ