बंदुकीचे अभ्रे आणि शेजारचं टेबल

९ ऑगस्ट, शनिवार

बंदुकांच्या बाजारातून, गन शोहून आले. पाय म्हणजे लाकूड. खाली सिमेंट, वर उंच पत्रा, आणि मध्ये सगळ्यांचं बोलणं एकत्र होऊन नुसती गुणगुण. दुपारी बहुतेक डोळे उघडे ठेवूनच झोपले. समोरून टोप्या, दाढ्या, खांद्यावर बंदुका जात होत्या आणि मी अमेरिकेतून थेट नागपूरला, माझ्या जुन्या शिवणक्लासात, खिडकीशी. कुणीतरी मशीन चालवतंय. उन्हात धागे तरंगतायत...

विक्री: दोन अभ्रे. बंदुकीच्या कव्हरला मी अभ्राच म्हणते. उशीचा असतो तसाच तर आहे, फक्त लांबुडका. एकाने उचलला, आतलं फ्लॅनेल गालाला लावलं, मग फोन काढून बघितलं. म्हणाला, ऑनलाइन ह्याहून स्वस्त आहे. ठेवून गेला. अरे बाबा, ती ऑनलाइनवालीसुद्धा मीच! लेकीने, मृण्मयीने उघडून दिलेलं दुकान. माझाच माल माझ्याच नाकावर टिच्चून स्वस्त.

शेजारच्या टेबलावरचा वॉल्टर इतका हसला की चष्मा पुसावा लागला. जुन्या दुर्बिणी आणि बंदुकीवर बसवायच्या भिंगाच्या नळ्या दुरुस्त करून विकतो. सत्तरीचा असेल. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षं आमची टेबलं शेजारीशेजारी. मला 'मिस सुमन' म्हणतो, नावाची मोडतोड करत नाही.

ह्यापुढे नुसतं वॉ. लिहीन. मृण्मयीला मराठी वाचता येत नाही, तरीपण. चोराच्या मनात चांदणं.

१२ ऑ., मंगळ.

मृण्मयी जेवायला. वरणफळं केली. माझी मुलगी ऑफिसात दिवसभर हिशेब लावते, घरी येऊन माझा लावते.

"आई, धिस मेक्स नो सेन्स." टेबलाचं भाडं, पेट्रोल, दोन अख्खे दिवस, वर गुडघे. आणि ऑर्डरी सगळ्या फोनवर. "व्हाय डू यू स्टिल गो?"

म्हटलं, गिऱ्हाईक समोर लागतं. माप घ्यावं लागतं.

"यू हॅव ऑल द साइझेस, आई."

आहेतच. प्रत्येक जातीच्या बंदुकीचा कागदी साचा खिळ्याला टांगलाय. सुरुवातीला नव्हते तेव्हा ठीक होतं. मृण्मयीच्या व्हायोलिनचं मी शिवलेलं कव्हर बघून शेजारच्या डेब्राने नवऱ्याच्या बंदुकीसाठी शिवून मागितलं, तीच मला पहिल्यांदा शोला घेऊन गेली. माझा नवरा श्रीकांत जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घर खायला उठायचं.

खरं सांगायचं तर पोरगी बरोबर बोलते. शोमध्ये आता स्वस्ताई उरलेली नाही. आत शिरायला तिकीट, गाडी लावायला पैसे, नवी वस्तू घ्याल तर भाव ऑनलाइनच बरा. काडतुसांची जड खोकी तेवढी परवडतात, पोस्टाचा खर्च वाचतो. आणि जुन्या वस्तू. पण जुनं घेणारे किती राहिलेत?

मग मी का जाते? ह्याचं उत्तर वरणफळांबरोबर गिळलं.

२४ ऑ., रवि.

आज एक म्हातारबुवा आजोबांची बंदूक घेऊन आले. भली लांब, कुठल्याच साच्यात न बसणारी. म्हटलं, मापाला आणलीत ते बरं केलंत. मी बंदुकीला हात लावत नाही. मालकाने धरायची, मी टेप लावायची. दारातच सगळ्या बंदुका तपासून, झाडता येऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकचा पट्टा अडकवतात, तरी नाहीच लावत. माप घेताना तोंडात उंची, छाती, कंबर असंच येतं. ब्लाउज शिवण्यात आयुष्य गेलं, दुसरं काय येणार!

टेप पुरेना. वॉ. उठला आणि त्याने दुसरं टोक धरलं. एवढंच झालं. टेपच्या एका टोकाला तो, एका टोकाला मी, मध्ये बुवांची बंदूक. लिहायला बसले तर बोटं अजून टेप धरल्यासारखी.

रविवारी दुपारनंतर भाव उतरतो, बाजारात संध्याकाळी मेथी उतरते तसा. परत गाडीत भरायचा कंटाळा. वॉ. म्हणाला, बघा, आणि दुर्बीण दिली. पलीकडच्या टोकाला एक बाई मुलाला मक्याच्या लाह्या भरवत होती. आवाज नाही, नुसती तोंडं हलतायत, सगळं सोनेरी, पाण्याखाली असल्यासारखं. किती वेळ बघत बसले कोण जाणे. दुर्बीण परत मागितली नाही त्याने.

१४ सप्टें., रवि.

श्रीकांतचं श्राद्ध. खीर, वडे. मृण्मयी आली होती, पान वाढायला मदत केली. इथे कावळा कुठला, काळे लांब शेपटीचे ग्रॅकल येतात, दुकानांच्या पार्किंगमधले भामटे. एकाने वडा उचलला आणि कुंपणावर बसून माझ्याकडे बघत खाल्ला.

मृण्मयी गेल्यावर अंगणात खुर्ची टाकून बसले. श्रीकांतशी बोलले थोडं. त्याला सगळं सांगते मी, वॉ. चंही सांगितलं. तो वाद घालणारा माणूस, जिवंत असता तर दोन मुद्दे काढलेच असते. आता काही बोलत नाही, त्याचंच अवघड वाटतं.

ऊन सरकत सरकत पायांवर आलं. उठवेना.

२० सप्टें., शनि.

वॉ. आला नाही. त्याच्या टेबलावर एक पोरगेलासा माणूस सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या विकत होता. दिवसभर मसाल्याचा वास.

आयोजकांच्या बाईला विचारलं. टेबल कॅन्सल केलं म्हणाली. का? माहीत नाही. नंबर? देता येत नाही मॅम. दोन वर्षं शेजारी बसतोय आणि माझ्याकडे फोन नंबर नाही! मागायचा कशाला, शनिवारी भेटणारच आहे, असं. बाप्पा, काय मूर्ख बाई आहे मी.

सात अभ्रे विकले. एरवी नाचले असते. आज गिऱ्हाइकाने किंमत विचारली की राग येत होता.

२१, रवि.

आजही नाही. त्या वयात माणूस येत नाही म्हणजे काय काय असू शकतं. दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी काहीतरी मोठं शिवत होते, हॉलएवढं, आणि माप घ्यायला कुणी उभंच राहीना.

४ ऑक्टो., शनि.

आला!

डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू. एवढंच. मी त्याला मराठीत झापलं. "सांगून जाता येत नाही का? एवढा मोठा घोडा झालाय!" एक अक्षर कळलं नाही त्याला. टोपी काढून म्हणाला, "येस मॅम. आय ॲम सॉरी, मॅम." मग नंबर घेतला. मीच मागितला, उघड उघड.

खंडेनवमी बुधवारी झाली. घरी मशीनची पूजा केली होती, पण टेबलावरची कात्री, टेप, सुया राहिल्या होत्या. आज लक्षात आलं. अमेरिकेत देव वीकएंडला चालवून घेतात. तिथेच कापड अंथरून हळदकुंकू वाहिलं, दुकानातून आणलेली झेंडूची फुलं ठेवली. वॉ. ने विचारलं. सांगितलं की आपलं पोट ज्या हत्यारांवर चालतं त्यांना नमस्कार करायचा, आणि त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही, विश्रांती.

त्याने आपला बारक्या स्क्रूड्रायव्हरांचा डबा उघडून माझ्या पुढे सरकवला. एकेकाला कुंकू लावलं मी.

थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं. दुर्बीण घेतो म्हणालं, फक्त एक स्क्रू ढिला आहे तेवढा आवळून द्या. वॉ. म्हणाला, "सॉरी सर. दे आर रेस्टिंग टुडे." त्या माणसाने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, निघून गेला. मी कपाळावर हात मारला. अहो, एवढं कडक नसतं! तो म्हणाला, तुम्ही तर म्हणालात विश्रांती.

इतकं भरून आलं मला. उगाच पिशवीत काहीतरी शोधत बसले.

हत्यारं झोपलेली, हाताला काम नाही, म्हणून पहिल्यांदाच नुसतं बोलत बसलो. तेव्हा सांगितलं त्याने. टेबल सोडतोय. दुर्बिणी पुतण्या ऑनलाइन विकणार आहे, भाव चांगला येतो, उभं राहावं लागत नाही. नोव्हेंबरात ओक्लाहोमातला मोठा शो, तो शेवटचा. मग न्यू मेक्सिको, बहिणीजवळ.

मी "ओके" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

सामान भरताना म्हणाला, तिकडचं टेबल मोठं आहे, अर्धं रिकामं राहील. तुम्ही आलात तर. "टू रूम्स, मिस सुमन." कान लालबुंद.

विचार करून सांगते म्हटलं.

८ ऑक्टो., बुध.

विचार काय करायचा आहे? साठी बुद्धी नाठी म्हणतात, ती ही. इथल्या मराठी मंडळात कळलं तर तिथल्या मंगलताई कोजागिरीच्या दुधाबरोबर वाटतील सगळ्यांना.

धंद्याला जाते म्हणून सांगता आलं असतं. पण धंदा कुठे आहे? अभ्रे सगळे फोनवरच संपतात. माझं लपायचं टेबलसुद्धा ऑनलाइनने काढून घेतलं.

दिवसभर फ्लॅनेलवर हात फिरवत बसले. शिवलं काहीच नाही.

११ ऑक्टो., शनि.

वॉ. ला फोन केला. येते म्हटलं.

मृण्मयीला अजून अळीमिळी गुपचिळी.

२२ ऑक्टो., पाडवा

सांगितलं.

मृण्मयी चकली खात होती. म्हणाली, ओक्लाहोमा कशाला, तिथले लोक ऑनलाइन घेतातच. "व्हॉट विल यू इव्हन सेल देअर?"

म्हटलं, "काही नाही."

"देन व्हाय?"

"वॉल्टर जातोय म्हणून."

"हू इज वॉल्टर?"

"शेजारच्या टेबलाचा."

चकली तशीच हातात. हसली आधी, तिला वाटलं थट्टा. मग माझं तोंड बघितलं तिने.

"आई, यू आर सिक्स्टी-थ्री!"

"माहीत आहे. मीच जन्मले होते."

"ॲट अ गन शो?"

"मग काय देवळात भेटायला हवा होता?"

हे बोलायला नको होतं. तिचे डोळे भरले. "डॅड..." एवढंच म्हणाली. मी जवळ जायला लागले तर पर्स उचलून निघाली. फराळाचा डबा ओट्यावरच राहिला.

तिच्या रागाचं मला वाईट वाटत नाही. ती बाप आठवून रडली, त्याने काळीज हललं. तिला वाटतंय मी त्याला पुसून टाकतेय. असं नसतं गं. कसं असतं ते मला नीट सांगता येत नाही, ना मराठीत, ना तुझ्या इंग्रजीत.

३१ ऑक्टो., शुक्र.

फोन उचलत नाही. मेसेजला नुसता अंगठा. ऑर्डरी मात्र येतायत, दुकान तिने बंद केलेलं नाही. मशीनवर बसले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, कापड पुढे सरकत राहतं आणि मीही त्याच्याबरोबर कुठेतरी.

वॉ. ला सांगितलं मुलगी नाराज आहे. म्हणाला, मग नका येऊ, मला समजेल. एवढं शहाणं असू नये माणसाने. थोडा हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं.

६ नोव्हें., गुरु.

शेवटचे अभ्रे पोस्टात टाकले. घरात एकही नाही. उद्याच्या बॅगेत दोन साड्या, पंजाबी ड्रेस, औषधाच्या गोळ्या, थोडा चिवडा. विकायला काही म्हणजे काही नाही.

मृण्मयीला मेसेज केला: उद्या सकाळी निघणार आहे. इंग्रजीत लिहिला. अंगठाही आला नाही.

७ नोव्हें., शुक्र., सकाळ

वॉ. ची व्हॅन दारात. मी कुलुपं बघतेय तोवर मागून मृण्मयीची गाडी. ऑफिस सोडून आलीय.

घरात आली नाही. सरळ त्याच्याकडे गेली.

खिडकीतून दिसतंय, ऐकू येत नाही. ती हात हलवून बोलतेय. तो टोपी हातात धरून ऐकतोय. आता तो काहीतरी म्हणाला. ती खाली बघतेय. रडतेय का? आता तिने आपल्या गाडीचं दार उघडलं. काहीतरी काढतेय की जायला निघाली, कळत नाही.

मी मध्ये पडणार नव्हते. म्हणून इथे बसून लिहितेय. पण काय हे! बाविसाव्या वर्षी बघायला आले होते तेव्हा अशीच बसले होते, पडद्याआड, हातात पोह्यांची बशी. बाहेर माणसं माझं ठरवत होती आणि मी आवाजावरून अंदाज बांधत होते. तेव्हा नशिबाने चांगलं निघालं, म्हणून काय झालं.

बॅग उचलते आणि जाते बाहेर.