तीन नंबरची टाकी

५ नोव्हेंबर १९७४
हजर झालो एकदाचा! पंचगंगेकाठच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. पेट्रोलचे भाव भडकलेत, तेव्हा उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढून त्यावर गाड्या पळवायच्या, असं मॅनेजरसाहेबांचं स्वप्न. मळी आंबवायच्या टाक्या दुमजली घराएवढ्या आहेत. त्या धुणारे लालासाब वीस वर्षांपासून इथे आहेत. मुलगा रफिकही त्यांच्याबरोबरच काम करतो. 'पावणं, जेवलासा का?' हा म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न. माणूस एकदम आवडला.

९ नोव्हेंबर
रिकाम्या टाकीत उतरण्याआधी लालासाब पेटता कंदील दोरीनं आत सोडतात. विझला, तर त्या दिवशी कुणी उतरत नाही. अल्कोहोलच्या वाफेत उघडी ज्योत! माझं डोकंच फिरलं. कंदील बंद केला. त्याऐवजी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि वरच्यानं त्याला सतत बोलतं ठेवायचं, असा नियम काढला. लालासाब म्हणाले, "सायेब, कंदील जगत न्हाय तितं माणूस जगंल व्हय?" मी हसण्यावारी नेलं.

१४ नोव्हेंबर
लालासाब गेले. माझ्यामुळे गेले.
तीन नंबरच्या टाकीत उतरले होते. वर मीच उभा. मी विचारायचो, ते उत्तर द्यायचे, "हवा चांगली हाय, सायेब." असा अर्धा तास. दोर ओढला तेव्हा अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणतात, उतरल्यावर दोन मिनिटांत गेले असावेत.
मग अर्धा तास माझ्याशी बोललं कोण?

१७ नोव्हेंबर
टाकीवर झाकण घातलंय. भर दुपारी जवळून गेलो. आतून तोच आवाज. तेच शब्द. मॅनेजरसाहेब म्हणतात, मनाला लावून घेऊ नका, रजा घ्या.

१८ नोव्हेंबर
रफिकनंही ऐकलं. बाप आत जिवंत आहे म्हणतो. स्वतः माती दिली, तरी! त्याच्यासमोर कंदील सोडला. लगेच विझला. तरी ऐकत नाही—

१९ नोव्हेंबर, सकाळ
रफिक उतरणारच म्हणतो. मी झाकणावर बसून लिहितोय. हलणार नाही. रडला, शिव्या घातल्या, शेवटी निघून गेला. सुटलो—

खाली लालासाब बोलतायत. बोलू देत. मी ऐकणार—

दुसरा आवाज. "हवा चांगली हाय, सायेब." हा तर रफिक—

मी उठलेलोच नाही. झाकण बंद— टाकीला बुडाशी गाळ काढायचं अरुंद दार आहे, ते मी बंद करायचं विसरलो—